गॅस संपला, म्हणजे गेला कुठे?



उन्हाळ्यात गाडीचा एसी गार वारा द्यायचा बंद झाला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते हेच : "गॅस संपलाय, भरून घ्या." आपणही लगेच मान हलवतो, कारण गॅस संपतो हे आपल्याला स्वयंपाकघरामुळे पक्कं ठाऊक असतं. सिलिंडर लावला, दीड-दोन महिन्यांनी संपला, दुसरा लावला. पेट्रोलचंही तेच. मग एसीचा गॅससुद्धा वापरून वापरून संपत असणार, असं वाटलं तर नवल नाही.

पण तो तसा संपत नाही. तो जळत नाही की खर्च होत नाही. बंद नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो. बी.कॉम.ला खेळतं भांडवल शिकवलं होतं, ते लग्नानंतर चाळीस वर्षांनी मला इथे उपयोगी पडलं. दुकानाचा पैसा मालात जातो, माल विकला की परत येतो, पुन्हा मालात जातो. वर्षअखेरीला तो कमी भरला तर "वापरला गेला" असं म्हणून वही मिटता येत नाही. कुठून गळला ते शोधावं लागतं. एसीच्या गॅसचं नेमकं तेच आहे. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि गळती नसेल तर गॅस कमीच झालेला नाही, दुखणं दुसरंच आहे.

एवढं म्हणताना एक कबूल करायला हवं. गाडीतल्या नळ्यांपैकी काही रबरी असतात, कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशी सील असतं, त्यातून वर्षाकाठी थोडा थोडा वायू झिरपतोच. घरच्या फ्रीजसारखी ती पूर्ण डाग देऊन बंद केलेली वस्तू नव्हे. त्यामुळे सात-आठ वर्षांच्या गाडीत गॅस थोडा उतरला तर समजू शकतं. पण गेल्या मे महिन्यात भरलेला गॅस या मे महिन्यात "संपला" म्हणाले, तर विचारायलाच हवं, की मग गेला कुठे?

आमच्याकडे गेल्या वर्षी असंच झालं होतं. पण त्याआधी घरची परिस्थिती सांगते, म्हणजे एका एसीसाठी मी एवढी का बसले ते कळेल.

आमच्या सासूबाई 84 वर्षांच्या. यंदा त्यांनी मनात घेतलं की कुंथलगिरीला जायचंच. 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना तिथे झाली, तेव्हा त्या वडिलांबरोबर गेल्या होत्या. शाळकरी पोर होत्या. त्यानंतर दोनदा जाणं झालं, पण आता गुडघे, डोळे, सगळंच थकलंय. आम्ही म्हटलं, थंडीत जाऊ. तर म्हणाल्या, "पुढच्या थंडीचा भरवसा तू देतेस का?" याला काय उत्तर द्यायचं? सांगलीहून सोलापूर, तिथून बार्शी आणि पुढे. पाच-सहा तास सहज लागतात, आणि तेही वैशाखातल्या सोलापूर-बार्शीच्या उन्हात. डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना उष्णता सोसणार नाही. त्यात परतीच्या दिवशी नेमकी अष्टमी. त्या दिवशी त्यांचं एकाशन असतं, एकदा जेवण-पाणी झालं की नंतर पाण्याचा थेंबही नाही. आपण कितीही विनवलं तरी नाही. आपल्या घरांतून हे वेगळं सांगायला नको. तेव्हा गाडीचा गारवा ही माझ्या दृष्टीने चैनीची गोष्ट उरली नव्हती.

आणि नेमका एसी दगा द्यायला लागला.

"एसी गार करत नाही" एवढंच गॅरेजमध्ये जाऊन सांगणं म्हणजे डॉक्टरांना "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं आहे. केव्हा गार करत नाही? वारा येतो पण गरम येतो, की वाराच कमी येतो? सकाळी ठीक आणि दुपारी बिघडतो का? चालत्या गाडीत ठीक आणि थांबल्यावर बिघडतो का? मी दोन दिवस यांच्या शेजारी बसून वहीत टिपून ठेवलं. पाकाला वापरते तो सळईचा थर्मामीटर धुऊन-पुसून मधल्या जाळीत खोचला. बायपासला गाडी पळत होती तेव्हा आकडा 10-11 अंशांवर. बाजारपेठेत शिरलो, ट्रॅफिकमध्ये अडकलो, की पाच मिनिटांत 18, मग 24. पुन्हा मोकळा रस्ता लागला की हळूहळू खाली. इंजिनाचा काटा मात्र जागच्या जागी. "तू गाडी बघतेस की तापमान घेतेस?" असं यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन्ही.

आता या आकड्यांचा अर्थ लावायचा तर एसी चालतो कसा ते थोडं समजून घ्यावं लागेल. अवघड नाही, आपल्या घरात फ्रीज आहे. फ्रीजच्या मागे किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून बघा, गरम लागतो. फ्रीज "गारवा तयार" करत नाही. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. गाडीतही तेच. डॅशबोर्डच्या मागे एक कॉइल असते, तिला गॅरेजवाले कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यात तो वायू पातळ रूपात शिरतो आणि तिथे उकळतो. उकळतो म्हटल्यावर गरम होत असेल असं वाटेल, पण हा पदार्थ असा आहे की मोकळ्या हवेत तो उणे 26 अंशांनाच उकळतो. उकळायला उष्णता लागते, ती तो गाडीतल्या हवेतून घेतो. अंगावर स्पिरिट लावलं की गार का लागतं, माठातलं पाणी गार का होतं, त्याचंच हे भावंड. मग इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, दाबला की तो तापतो, आणि तो तापलेला वायू गाडीच्या अगदी पुढे, रेडिएटरच्याही पुढे असलेल्या जाळीत जातो. ही जाळी म्हणजे कंडेन्सर. तिथे बाहेरची हवा त्याची उष्णता घेऊन जाते, वायूचा पुन्हा पातळ द्रव होतो आणि फेरी पुन्हा सुरू.

म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकायचं दार हे पुढच्या जाळीत आहे. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा आपोआप त्या जाळीतून जातो. थांबली की वारा नाही. तेव्हा एक पंखा ते काम करतो. आता माझी वही पुन्हा वाचा : पळताना गार, थांबल्यावर गरम. गॅस कमी असता तर तो रस्ता मोकळा बघून भरून आला असता का? थांबल्यावर इंजिन हळू फिरतं, कॉम्प्रेसरही हळू फिरतो, त्यामुळे थोडा फरक पडायचाच. पण 10 चे 24 होणं हा थोडा फरक नव्हे.

एवढी तयारी करून मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने वही बघितलीच नाही. "गॅस टॉप-अप करावा लागेल मॅडम, अडीच हजार." मी विचारलं, गेल्या मेमध्ये भरला होता, गळती बघितली का? तो म्हणाला, "उन्हाळ्यात गॅस संपतोच. साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." मी थँक्यू म्हणून परत आले. साहेबांना पाठवायचं कारण नव्हतं, साहेब बाहेर गाडीतच बसले होते.

मग माझ्या भाच्याने मिरज रोडकडच्या एका मिस्त्रीचं नाव सुचवलं. पत्र्याची शेड, एक मुलगा हाताखाली, भिंतीवर फक्त गाड्यांच्या एसीचं काम होईल अशी पाटी. त्यांनी वही वाचली. वर मान न करताच म्हणाले, "काकू, हे लिवलंय कुणी?" मग गाडी चालू ठेवून, एसी लावून बॉनेट उघडलं. आमच्या गाडीत पुढे दोन पंखे शेजारी शेजारी आहेत, एक रेडिएटरचा, एक कंडेन्सरचा. एसी लावला की कंडेन्सरचा पंखा फिरायलाच हवा. तो गप्प उभा. "फॅनच फिरंना झालाय बघा ह्याचा." रेडिएटरचा पंखा वेळेवर लागत होता, म्हणून इंजिनाचा काटा शहाण्यासारखा जागेवर होता आणि कोणाला संशय आला नव्हता.

पण ते तिथेच थांबले नाहीत, आणि मला हेच फार आवडलं. त्यांनी नळ्यांना मापकं जोडली. दाबाची बाजू थांबलेल्या गाडीत चढत चढत एवढी वर गेली की कॉम्प्रेसर टक् करून आपोआप सुटला. दाब हाताबाहेर गेला की कॉम्प्रेसर बंद करणारा एक स्विच असतो, त्याने त्याचं काम केलं. थोड्या वेळाने दाब उतरला, पुन्हा टक् करून लागला. मग मुलाला सांगून शेडमधला उभा टेबलफॅन गाडीच्या नाकासमोर ठेवला आणि चालू केला. बस. माझ्या थर्मामीटरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत 24 वरून उतरायला लागला, 20, 17, 14. गॅसचा एक ग्रॅमही न घालता.

मैत्रिणींनो, ही युक्ती घरी सहज करता येते. गाडी दारात उभी करा, एसी लावा, समोर पंखा ठेवा. गारवा वाढला तर दुखणं पंख्याचं किंवा जाळीचं, हे जवळजवळ नक्की.

पंखा का फिरत नव्हता, तर मोटर चांगली होती, रिले गेला होता. रिले म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान चौकोनी डबी, छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारी. मिस्त्रींनी फ्यूजच्या पेटीतून हॉर्नचा तसाच रिले काढून पंख्याच्या जागी लावला, पंखा भुर्रकन सुरू. नवीन रिले घातला, हॉर्नचा हॉर्नला परत दिला.

राहिली जाळी. बंपर सैल करून त्यांनी मला ती दाखवली. मी आजवर ती कधी बघितलेली नव्हती. उसाच्या पाचटाचे तुकडे, कापसासारखी धूळ, आणि पतंग. शेकडो पतंग, चतुर, एक-दोन मधमाश्या, सगळे त्या पातळ पट्ट्यांत रुतून वाळलेले. आपण पाणी गाळून घेतो, दिवा झाकून ठेवतो, दिवसाउजेडी जेवतो. आणि रात्री नव्वदच्या वेगाने, दिवे लावून, हे. मिस्त्री सहज बोलून गेले, "रातच्याला फिरणाऱ्या गाड्यांचं असंच असतं काकू." त्या दिवसापासून आमच्याकडे एवढं ठरलं की अडचण नसेल तर दिवेलागणीच्या आत मुक्कामाला पोचायचं. मुलगा पुण्याहून शुक्रवारी रात्री निघायचा, तो आता शनिवारी पहाटे उजाडल्यावर निघतो. त्याची झोपही होते, हा वरचा नफा.

जाळी धुताना त्यांनी मोठ्या दाबाच्या फवाऱ्याला हात लावला नाही. त्या पट्ट्या कागदासारख्या असतात, जोराच्या धारेने वाकतात आणि मग हवा जायची वाटच बंद. साध्या नळीने, शक्य तिथे आतून बाहेर पाणी सोडलं. रिले, धुणं, मजुरी मिळून 900 रुपये झाले.

आता खरा हिशेब. गेल्या मे महिन्यात हीच तक्रार होती, तेव्हा यांनी प्रवासात असताना दुसऱ्या गावी गॅस भरून घेतला होता आणि एसी "ठीक" झाला होता. मग तो ठीक कसा झाला? मी तारखा काढून बघितल्या. गॅस भरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस. बाहेर 40 अंश असताना त्या जाळीला उष्णता टाकणं जेवढं जड, तेवढं 27 अंशांत आणि रिमझिमत्या पाण्यात मुळीच नाही, पंख्यावाचूनही थोडंफार निभतं. गाडी पावसाने बरी केली आणि श्रेय गॅसला मिळालं. जमा चुकीच्या खात्यावर पडली की पुढच्या वर्षी तेच खातं पुन्हा उघडलं जातं, तसं आमचं झालं होतं. पुष्कळ घरांत दरवर्षी मे महिन्यात गॅस भरतात, त्यांनी एकदा तारखा ताडून बघाव्यात.

त्याहून वाईट म्हणजे गॅस जास्त भरला तर गारवा वाढत नाही, कमी होतो. जाळीत वायूला द्रव व्हायला मोकळी जागा लागते, ती उरत नाही, दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो. कुकर गळ्यापर्यंत भरला तर डाळ लवकर शिजते का? प्रत्येक गाडीत किती ग्रॅम भरायचा हे ठरलेलं असतं आणि बहुतेक वेळा बॉनेटखाली स्टिकरवर छापलेलं असतं. लहान गाडीत साधारण 400-500 ग्रॅम. एवढासाच तो ऐवज. मिस्त्रींनी आमचा गॅस काढून तोलला, त्यात गेल्या वर्षीचा टॉप-अप जादाच निघाला. तेवढा कमी करून स्टिकरच्या आकड्यावर आणला.

सगळ्यांचं दुखणं आमच्यासारखं नसेल, म्हणून नात्यातल्या आणखी दोन गाड्यांचं सांगते.

माझ्या नणंदेची गाडी दीड महिना उभी होती. चालू केल्यावर वारा गार, पण येतो मुंगीच्या पावलांनी, आणि उग्र वास. वाराच कमी येणं हे गॅसचं लक्षण नव्हे, हे तिला फोनवरच सांगितलं. पायाजवळच्या खणाच्या मागे केबिन फिल्टर असतो, पुष्कळ गाड्यांत तो हाताने निघतो. तिच्या फिल्टरवर उंदराने संसार मांडला होता. चिंध्या, शेंगांची टरफलं, सगळं. फिल्टर बदलला, ब्लोअर साफ केला, वारा पहिल्यासारखा. गॅरेजवाल्याने विषाच्या वड्या ठेवायला सांगितल्या. ती म्हणाली, ते आमच्याकडे होणार नाही. पिंजरा लावला, उंदीर शेताच्या बांधावर सोडला, गाडीची जागा धान्याच्या कोठीपासून लांब हलवली, आणि आठवड्यातून दोनदा गाडी सुरू करून बॉनेट उघडून बघायचा नेम ठेवला. उंदराला शांत, अंधारी, न हलणारी जागा लागते. ती मिळाली नाही की तो आपणहून दुसरीकडे जातो. तसा फिल्टर उंदराशिवायही धुळीने गच्च होतोच, वर्षातून एकदा बदलावा. दोन-चारशे रुपयांत येतो. कॉइलवर बर्फ धरल्यानेही वारा कमी होतो. एसी थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावल्यावर वारा परत आला तर तो संशय घ्यायचा आणि दाखवून घ्यायचं.

दुसरी, इचलकरंजीच्या माझ्या भावजयीची. तिचा गॅस खरंच गेला होता. पळताना, थांबताना, सकाळी, दुपारी, कधीच गार नाही, आणि कॉम्प्रेसर लागतच नव्हता. गॅस फार उतरला की कॉम्प्रेसर लागू न देणारीही सोय असते. कारण त्या वायूबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, वायू नाही तर तेलही पोचत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासला जातो. तिच्या कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तेलकट, धूळ चिकटलेला डाग होता. तिथे खडी लागून बारीक भोक पडलं होतं. गळती बहुधा असा तेलाचा डाग ठेवून जाते. तिला कंडेन्सर बदलावा लागला, बिल मोठं आलं, पण आता तिसरं वर्ष, गॅस जिथल्या तिथे.

आणि गॅरेजला जायच्या आधी गरम-गारचं बटण निळ्या टोकाला आहे ना, एसीचा दिवा लागतोय ना, हवा आतलीच फिरवायचं बटण दाबलंय ना, हे बघून घ्या. नातवंडं मागच्या खेपेला पुढे बसली असतील तर अवश्य बघा. गाडीखाली टपटप पाणी पडलं तर घाबरू नका, ते कॉइलवर जमलेलं दव आहे. पावसाळ्यात जास्तच पडतं. पाणी पडायचं थांबलं आणि पायाखालचं कार्पेट ओलं झालं, तर मात्र नळी तुंबली असं समजायचं.

गॅस भरायचीच वेळ आली तर काय विचारायचं? आधी गळती तपासली का? साबणाच्या फेसाने, नायट्रोजन भरून दाब उतरतो का ते बघून, किंवा रंगीत द्रव सोडून निळ्या दिव्याखाली बघून, पद्धत त्यांची. मग व्हॅक्यूम किती वेळ लावणार? नळ्यांत शिरलेली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची असते, अर्धा तास तरी लावतात. ओल राहिली तर बारीक छिद्रात तिचा बर्फ होतो आणि आतून गंज धरतो. आणि शेवटी, वजनावर भरणार की अंदाजाने? काट्याकडे बोट दाखवणारा माणूस निवडा. जुना गॅस हवेत फुस्स करून सोडू देऊ नका, मशीनने ओढून घ्यायला सांगा. बहुतेक गाड्यांत आर-134ए असतो. पूर्वीचा आर-12 ओझोनचा थर खात होता, म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो जगभर बंद होत गेला. 134ए ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे. त्यावरही आता 2016 च्या किगाली करारामुळे मर्यादा येत चालल्या आहेत. अर्धा किलोच असतो, पण दरवर्षी, घरोघरी.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आली आहे त्यांनी ती कुठल्याही शेडमध्ये नेऊ नये, माझ्या मिस्त्रींकडेसुद्धा नाही. तिचा कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो आणि त्याचं तेलही वेगळं असतं. साधं तेल गेलं तर वीज उतरायचा धोका. नारिंगी वायर दिसली की हात मागे. आणि साध्या गाडीतही बॉनेट उघडं असताना पंख्याजवळ पदर, ओढणी, बांगड्या नेऊ नका. तो बंद दिसला तरी न सांगता सुरू होतो. नळ्यांची टोकं उघडणं तर आपलं काम नव्हेच.

आम्ही सप्तमीला पहाटे निघालो. मोहोळच्या अलीकडे रस्त्याच्या कामाने पाऊण तास अडकलो, बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं, जाळीतला आकडा 13 च्या वर गेला नाही. सासूबाई कुलभूषण-देशभूषण मुनींच्या मंदिरापर्यंत डोलीत गेल्या, समाधीपाशी मात्र चालत गेल्या, माझा हात न धरता. वडिलांबरोबर कुठे बसल्या होत्या ती जागा दाखवायचा प्रयत्न केला, पण आता तिथलं सगळं बदललंय.

अष्टमीला दहा वाजता त्यांचं एकाशन झालं आणि आम्ही परत निघालो. संध्याकाळी साडेचारला घरी पोचलो. वाटेत बोलल्या त्या एकदाच, मंगळवेढ्याच्या पुढे. "किती गार करून ठेवलंय गं, शाल दे."